संगणकाची स्मृती वाढविताना : एक पट्टी की दोन?

रोखपालाच्या हाताशी असलेला गल्ला आणि आतील दालनातील तिजोरी यांतला भेद बँकेच्या ग्राहकांस सांगावयास नको. खिडकीवरील व्यवहार गल्ल्यातील रोकडीवर चालतात. ती अपुरी पडली की रोखपाल तिजोरीकडे जातो आणि रांग ताटकळते. संगणकातील रॅम, म्हणजेच तात्पुरती स्मृती, हा असाच गल्ला असून डिस्क ही तिजोरी होय. स्मृती भरली की विंडोज प्रणाली त्यातील काही भाग डिस्कवर हलविते व लागेल तसा परत आणते. नेट बँकिंगचे पान, मुलांचा ऑनलाइन वर्ग आणि हिशेबाची एक्सेल फाइल एकदम उघडताच जुना संगणक अडखळतो, तो बहुधा या ये-जा करण्यामुळे.

बहुधा, नेहमीच नव्हे. म्हणून खरेदीपूर्वी निदान करणे इष्ट. नित्याची कामे चालू असताना कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्मृती ९० टक्क्यांहून अधिक भरलेली दिसल्यास ती वाढविण्यात अर्थ आहे. ती निम्मी मोकळी असून जुनी हार्ड डिस्कच सतत १०० टक्के राबत असेल, तर पैसे एसएसडीवर खर्चावेत. पट्ट्या बसविण्याचे एकूण स्लॉट किती व त्यांतील वापरात किती, हेही तेथेच कळते. विंडोज ३२ बिटची असल्यास मात्र ४ जीबीपलीकडील स्मृती वाया जाते.

२०१७ च्या सुमारास घेतलेला, दोन स्लॉट आणि ४ जीबीची एकच डीडीआर४ पट्टी असलेला संगणक उदाहरणादाखल घेऊ. अशा संगणकात प्रोसेसर व स्मृती यांच्यामध्ये दोन मार्गिका असतात. पट्टी एकच असेल तर एक मार्गिका रिकामी राहते. २४०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला कमाल १९.२ जीबी माहिती जाऊ शकते. सारख्या दोन पट्ट्यांमुळे ही मर्यादा ३८.४ जीबी होते. पत्रव्यवहार वा हिशेब करताना हा फरक फारसा जाणवत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यास मात्र पडद्यावरील चित्रेही याच स्मृतीतून घडतात, त्यामुळे खेळ व चित्रफितींच्या कामात तो ठळक दिसतो.

आणखी ४ जीबीची पट्टी घालणे सर्वांत स्वस्त. पण एकूण ८ जीबीवरच दोन्ही स्लॉट संपतात. ४ च्या जोडीला ८ ची पट्टी चालत नाही, असे काही विक्रेते ठामपणे सांगतात. ते खरे नाही. इंटेलच्या अशा संगणकांत दोन्हींतील ४-४ जीबी दुहेरी मार्गिकेने आणि उरलेले ४ जीबी एकेरीने चालतात. घरगुती वापरास हे १२ जीबी पुष्कळ होतात. छायाचित्रांचे मोठे काम असेल, तर जुनी पट्टी काढून ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन्हींचा एकदम खर्च परवडत नसेल तर १६ ची एकच घेऊन दुसरा स्लॉट पुढीलसाठी राखावा. कारण आधी आकारमान, मग मार्गिका : दुहेरी मार्गिकेची पण तुडुंब भरलेली ८ जीबी स्मृती ही एकेरी १६ जीबीहून संथच ठरते.

डीडीआर३, ४ व ५ यांच्या पट्टीवरील खाच निरनिराळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नये. वेग भिन्न असल्यास दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस यांसारख्या बाजारांत सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड पट्टी स्वस्तात दिसली, तरी ती घरगुती मदरबोर्डवर चालत नाही.

आणखी एक हिशेब पैसे मोजण्यापूर्वी करावयास हवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०१७ पर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत स्मृतीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

पट्टी बसविताना वीजजोड काढून कॅबिनेटच्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर विद्युत निघून जाते. नंतर विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकने तपासणी करावी आणि ती निर्दोष पार पडेपर्यंत जुनी पट्टी कोणास देऊ नये.