चुकीची वस्तू आली तर

घरबसल्या मोबाईलवरून वस्तू मागवण्याची सवय आता आपल्या सर्वांनाच लागली आहे. चित्र पाहायचे, किंमत पाहायची आणि बोट टेकवायचे. चार-पाच दिवसांत वस्तू दारात हजर! पण खोक्यातून भलतीच वस्तू निघाली तर काय करायचे?

मालेगावात आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. शिवणकामावर त्यांचे घर चालते. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी त्यांच्याकडे गणवेशांचा ढीग पडतो. नेमकी त्याच दिवसांत त्यांच्या शिलाई मशीनची मोटर जळाली. नववीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने मोबाईलवरून १,६५० रुपयांची नवी मोटर मागवली. पार्सल आले. खालांनी पैसे दिले, खोके उघडले. पाहतात तर आत मिक्सरचे भांडे! चाळीस गणवेश शिवायचे बाकी होते आणि हातातले पैसेही गेले होते.

मुलगी घाबरली. तिने घाईघाईने 'वस्तू परत करा' हे बटण दाबले. परत करण्याचे कारण विचारले गेले. कारणांची यादी होती. तिने पहिलेच कारण निवडले, 'ही वस्तू आता नको आहे.' कोणतेही कारण दिले तरी चालेल, असे तिला वाटले.

तिसऱ्या दिवशी वस्तू परत नेणारा तरुण आला. त्याने आपल्या मोबाईलमधील चित्र पाहिले. चित्रात मोटर होती, समोर भांडे होते. "ही ती वस्तू नाही. मला ही घेता येणार नाही," असे म्हणून तो निघून गेला. त्याचे काही चुकले नाही. मोटर नको आहे, असे आपणच कळवले होते, म्हणून तो मोटर न्यायला आला होता. यादीत थोडे खाली 'चुकीची वस्तू मिळाली' हे कारण होते. ते निवडले असते, तर भांडे परत घेण्याचा निरोप त्याला मिळाला असता.

मग मुलीने कंपनीला फोन केला आणि रागाने बरेच काही बोलली. फोन बंद झाला. संध्याकाळी ती रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. "सर, मी तक्रार केली, पण कोणी ऐकतच नाही," ती म्हणाली.

येथे एका शब्दाबद्दल सांगतो. 'तक्रार' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. पण उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत, गाऱ्हाणे. मुलीने फोनवर केली ती उर्दूतली तकरार होती. आता मराठीतली तक्रार करायची होती, आणि तीही लेखी. फोनवरचे बोलणे हवेत विरते. लिहिलेल्या मजकुरावर तारीख असते.

आम्ही दोघांनी बसून मजकूर तयार केला. तो असा होता :

"मी शिलाई मशीनची मोटर मागवली होती. पार्सलमध्ये मिक्सरचे भांडे निघाले. परत करण्याचे कारण निवडताना माझी चूक झाली. खरे कारण 'चुकीची वस्तू मिळाली' हे आहे. भांडे न वापरता जपून ठेवले आहे. कृपया ते परत न्यावे आणि माझे १,६५० रुपये परत करावेत."

वर मागणीचा क्रमांक व पार्सल मिळाल्याची तारीख लिहिली. सोबत तीन फोटो जोडले. एक भांड्याचा, एक खोक्याचा आणि एक खोक्यावरील चिठ्ठीचा. या चिठ्ठीवर मागणीचा क्रमांक असतो, पण बहुतेक घरांत हीच चिठ्ठी सर्वांत आधी फाडली जाते. सुदैवाने खाला खोकी फेकत नाहीत. त्यांत त्या चिंध्या ठेवतात.

तक्रार कोणाकडे करायची, हाही प्रश्न असतो. मोबाईलवरचे मोठे दुकान हे पुष्कळदा दुकान नसतेच. तो एक बाजार असतो. त्यात माल विकणारे विक्रेते वेगवेगळे असतात. विक्रेता बाजाराकडे बोट दाखवतो, बाजार विक्रेत्याकडे. म्हणून २०२० साली सरकारने यासाठी नियम केले. वस्तू सदोष असेल किंवा सांगितली होती तशी नसेल, तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. बाजार चालवणाऱ्या कंपनीलाही तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. त्याचे नाव व पत्ता कंपनीने ग्राहकांना दिसेल असा ठेवायचा असतो. अर्थात तो शोधायला आम्हांला बराच वेळ लागला. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होता!

दरम्यान खालांच्या भावाने इंटरनेटवर शोधून कंपनीचा म्हणून एक फोन नंबर आणला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "पैसे लगेच परत करतो, फक्त यूपीआय पिन टाका," असे तो म्हणाला. मुलीने फोन ठेवून दिला, हे फार बरे झाले. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. अशी फसवणूक कोणाची झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीत बोलता येते. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला, तरी मालेगावच्या माणसाला आपल्या नाशिक जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकीलही लावलाच पाहिजे असे नाही.

खालांना एक शंका होती. "मी तर मोटर धंद्यासाठी घेतली. मग मी ग्राहक कशी?" शंका रास्त होती. व्यापारासाठी वस्तू घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो, तो ग्राहकच असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसे स्पष्ट म्हटले आहे.

आयोगापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारीची पोच आली. सहाव्या दिवशी तोच तरुण भांडे न्यायला आला. तोवर खाला मशीनला जुना पट्टा लावून पायानेच गणवेश शिवत होत्या. भांडे परत मिळाल्याचा संदेश मोबाईलवर येईपर्यंत त्यांनी त्या तरुणाला दारातून हलू दिले नाही. चहा मात्र पाजला.