रखमाबाईंचे ‘नाही’ आणि आपल्या लेकींचा जीव



हालअपेष्टा सोसून डॉक्टर झालेल्या माणसाचा चित्रपट पाहिला की आपले डोळे भरून येतात. थोड्या वेळाने आपण डोळे पुसतो आणि कामाला लागतो. या वेळी आम्ही अशाच एका मराठी चित्रपटाबद्दल आरोग्याच्या पानावर लिहीत आहोत, कारण त्यातला प्रश्न सिहोऱ्यापासून तुमसरपर्यंतच्या कोणत्याही घरात आजही उभा राहू शकतो.

चित्रपटाचे नाव ‘डॉक्टर रखमाबाई’. दिग्दर्शक अनंत महादेवन असून रखमाबाईंची भूमिका तनिष्ठा चॅटर्जी यांनी केली आहे.

रखमाबाईंचा जन्म 1864 साली मुंबईत, सुतार समाजात झाला. वडील लवकर गेले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. पण त्या सासरी न जाता माहेरीच राहिल्या आणि शिकत राहिल्या. 1884 साली नवऱ्याने बायको ताब्यात मिळावी म्हणून कोर्टात दावा लावला. समजत नव्हते त्या वयात लावलेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे 1887 साली कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर कडाडून टीका केली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर होण्यासाठी मदत केली. 1889 साली त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि 1894 साली डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोट येथे बायकांच्या दवाखान्यांत सुमारे पस्तीस वर्षे काम केले. सुरतेत सुरुवातीला बायका बाळंतपणाला दवाखान्यात येईनात. तेव्हा त्यांनी एका गाभण जनावराला दवाखान्यात आणून सुखरूप मोकळे केले आणि लोकांची भीती घालवली, अशी आठवण सांगितली जाते.

आता आपल्या घरातली गोष्ट. कोवळ्या वयात लग्न आणि बाळंतपण का नको?

मुलीचे शरीर अठराव्या वर्षापर्यंत वाढत असते. कमरेचा हाडांचा सांगाडा पुरता रुंद झालेला नसतो. त्यामुळे बाळ अडण्याचा धोका वाढतो. आधीच रक्त कमी असेल, तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. रक्तदाब वाढून झटके येण्याची भीती या वयात जास्त. शिवाय आईचे शरीर आणि पोटातले बाळ, दोघांनाही त्याच ताटातून वाढायचे असते. मग बाळ कमी वजनाचे जन्मते. म्हणून कायद्याने मुलीचे लग्नाचे वय 18 ठेवले आहे. बालविवाह ठरत असल्याचे कळले तर 1098 वर फोन करा.

गरोदर बाईने दिवस गेल्याचे कळताच आशाताईकडे नाव नोंदवावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे समजावे. 7 पेक्षा कमी म्हणजे धोका. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत. आपल्या विदर्भात सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तीही तपासणी करून घ्यावी आणि आजार असेल तर डॉक्टरपासून लपवू नये.

पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका:
– अंगावरून रक्त जाणे
– डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज
– झटके येणे
– कळा न येता पाणी जाणे
– बाळाची हालचाल कमी होणे
– कळा सुरू होऊन बारा तास उलटले तरी बाळंतपण न होणे

गाडीसाठी 102 किंवा 108 वर फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, रक्त, जेवण आणि गरज पडली तर सिझरही मोफत आहे. सिझर म्हटले की घरचे घाबरतात आणि बाईला परत नेतात. अडलेल्या बाळंतपणात तेच ऑपरेशन दोन जीव वाचवते. सही करायला उशीर करू नका.

आणि आराम. आपल्याकडच्या बाया सातव्या-आठव्या महिन्यातही रोवणीला चिखलात वाकतात, दिवसभर विड्या वळतात. हे सोसणे म्हणजे मोठेपणा नव्हे. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या बाजूने भाषण केले होते. पुढे मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या बायांच्या प्रसूती लाभाचे दुरुस्ती विधेयक त्यांनी 1943 साली मांडले. आपल्या तुमसर तालुक्यातही चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी आहेत. गरोदर बाईची विश्रांती हा तिचा हक्क आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. घरातल्या सासूने आणि नवऱ्याने तो मानायला हवा.

रखमाबाई ‘नाही’ म्हणू शकल्या, कारण आई आणि सावत्र वडील पाठीशी उभे राहिले. आपल्या लेकीला दहावीनंतर शिकायचे असेल, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार? हा चित्रपट बघायला मिळाला तर घरच्या सगळ्यांनी मिळून बघा. आणि नंतर लेकीला विचारा, तुला काय व्हायचे आहे, माय?