रक्तदाबावरील औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम

सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळ्यांनी वाढलेला रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून जगाच्या निदर्शनास आणले. १९५२ मध्ये या मुळ्यांतून रिसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. मात्र ते घेणाऱ्या काही रुग्णांना नाक चोंदणे, मन खिन्न होणे असे त्रास आढळून आले. गुणकारी औषधही क्वचित त्रासदायक ठरते, हा त्यातील बोध आजच्या औषधांनाही लागू आहे.

कोणते त्रास संभवतात?

ॲम्लोडिपीनमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. त्यामुळे काहींच्या घोट्यांवर सूज येते. मात्रा कमी केल्यास ती बहुधा ओसरते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांमुळे कोरडा खोकला लागतो व रुग्ण खोकल्याचेच औषध घेत राहतो. टेल्मिसार्टनने असा खोकला क्वचितच होतो. क्लोरथॅलिडोनसारख्या लघवी वाढविणाऱ्या औषधांनी शरीरातील सोडियम व पोटॅशियम घटून थकवा येतो, पायांत पेटके येतात. ॲटेनोलॉलने नाडी मंदावते. दम्याच्या रुग्णांस ते धोक्याचे ठरू शकते. एकदम उठून उभे राहिल्यास चक्कर येणे, हा अनेक औषधांचा सामाईक परिणाम होय.

खरा धोका

उच्च रक्तदाब बहुधा जाणवत नाही. गोळीचा त्रास मात्र जाणवतो. म्हणून रुग्ण परस्पर गोळी सोडून देतो आणि पुढे पक्षाघात, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार ओढवतो. ॲटेनोलॉल, क्लोनिडीन ही औषधे एकाएकी बंद केल्यास रक्तदाब झपाट्याने उसळू शकतो. वास्तविक त्रासाची माहिती मिळताच डॉक्टरांना मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते.

तातडीने काय करावे?

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजल्यास अथवा श्वास घेण्यास अडथळा झाल्यास पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे गर्भास अपायकारक असल्याने गरोदरपणाची शंका येताच डॉक्टरांना सांगावे. सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनानेच घेऊ नये. त्यांनी रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांवर ताण पडतो.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शब्दाला मान असतो. गोळी सोडलेली व्यक्ती आढळल्यास तिला दोष न देता, गोळ्यांच्या पाकिटासह प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास त्यांनी प्रवृत्त करावे. त्रास अंगावर काढू नये आणि गोळीही परस्पर सोडू नये, एवढे पथ्य पाळल्यास पुढील अनर्थ बव्हंशी टळू शकेल.