बायोनिक्स : देह आणि यंत्र जोडणारी विद्या

‘मुलाला डॉक्टर करावे की इंजिनिअर?’ हा प्रश्न तलवाडा परिसरातील पालक आम्हांस नेहमी विचारतात. या दोन्ही वाटा जेथे एकत्र येतात, त्या विद्याशाखेचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. सजीवांच्या रचनेचा व क्रियांचा अभ्यास करून त्या आधारे यंत्रे घडविणे, म्हणजे बायोनिक्स. आपल्या देशात हा विषय प्रामुख्याने जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या अंतर्गत शिकविला जातो.

कृत्रिम हाताचे उदाहरण घेऊ. कडबाकुट्टीत किंवा मळणीयंत्रात पंजा गेला, तरी हाताच्या उरलेल्या स्नायूंना मेंदूचा आदेश पोहोचतच असतो. ते आकुंचन पावताना व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही क्षीण विद्युत्संकेत उमटतो. त्वचेवरील इलेक्ट्रोड तो टिपतात, इलेक्ट्रॉनिक जोडणी त्याला बळ देते, सूक्ष्म संगणक त्याचा अर्थ लावतो आणि मोटार बोटे मिटवते. या एका कृतीसाठी शरीरक्रियाशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रशास्त्र व संगणकशास्त्र अशा चार विद्या लागतात. म्हणून त्याचा सखोल अभ्यास पदवीनंतरच होतो.

महाराष्ट्राला हे कार्य नवे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. पुढे १९६८ च्या सुमारास राजस्थानात कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ घडविला. उकिडवे बसता यावे, अनवाणी चालता यावे, शेतात वावरता यावे, ही इथल्या माणसाची गरज त्यांनी ओळखली. आमच्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. जातिव्यवस्थेने हाताचे कौशल्य आणि ग्रंथाचे ज्ञान यांची शतकानुशतके फारकत केली. जेथे ती मिटली, तेथे असे पाऊल घडले. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या श्रमाचे कौशल्य आहे, त्या मुलांना ही विद्या परकी नाही.

आता मार्ग पाहू. अकरावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घ्यावे. शक्य तर जीवशास्त्रही सोडू नये. नंतर इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, संगणक वा जैववैद्यकीय शाखेची अभियांत्रिकी पदवी घ्यावी. ‘गेट’ परीक्षेत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तीतील गुणांवर मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्थांत दोन वर्षांच्या एम.टेक.साठी प्रयत्न करता येतो. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन प्रवेश घेणाऱ्यांना सामान्यतः दरमहा विद्यावेतनही मिळते. तेव्हा ‘आणखी दोन वर्षे पोसायचे कसे?’ एवढ्याच भीतीने पदवीवर थांबू नये.

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र जातप्रमाणपत्र, जातवैधता व उत्पन्नाचा दाखला यांची तयारी वेळेआधी हवी. गुणवत्ता असूनही कागदाअभावी संधी हुकू शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी हे काम गाव सोडण्यापूर्वीच उरकावे.

अभियंता झालेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी वर्षातून एक दिवस विद्यालयात यावे आणि अकरावीच्या उंबरठ्यावरील मुलामुलींना हा मार्ग स्वतः समजावून द्यावा.

जयभीम!