आधी प्रवेश, पैशाचं मग बघू?

वडिलांची नोकरी गेलेली असो, दुकान बसलेले असो की आजारपणात शिल्लक संपलेली असो, बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येते : आधी प्रवेश पक्का करू, पैशाचं मग बघू. यामागची माया खरी आहे, पण अडचणीतल्या कुटुंबाला सगळ्यात महाग पडणारा गैरसमजही हाच आहे. सरकारी मदत नुसती गरिबी पाहून मिळत नाही, प्रवेश कोणत्या वाटेने घेतला यावरही ती ठरते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा किंवा खासगी विद्यापीठ घेतले, की तीच मुलगी, तेच उत्पन्न, आणि सवलत शून्य. पुण्यात खासगी विद्यापीठे भरपूर आहेत आणि त्यांचे प्रवेश अनेकदा कॅपच्या आधीच सुरू होतात. घाबरलेले पालक पहिला हप्ता भरून मोकळे होतात आणि चार वर्षांची सवलत तिथेच संपते.

‘शिष्यवृत्त्या राखीव प्रवर्गांसाठीच असतात’ हा समजही असाच महागात जातो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती खुल्या प्रवर्गासाठी आहे. तिचीही उत्पन्नमर्यादा आठ लाखच, आणि मुलांना तिच्यातून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवरून, म्हणजे महाडीबीटीवरून मिळणारे पैसे उशिरा येतात, तोवर महाविद्यालय पूर्ण फी मागते, हा आक्षेप मात्र खोटा नाही. विलंब होतो आणि त्याची झळ विद्यार्थ्यालाच बसते, हे अन्यायाचेच आहे. पण उशिरा येणारी मदत आणि कधीच न येणारी मदत यांत फरक आहे. सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, असे शासनानेच महाविद्यालयांना बजावले आहे. ती मागितली तर तक्रार लेखी करावी.

कर्जाचे नाव काढले की ‘घर गहाण पडेल’ ही भीती पुढे येते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राचा पतहमी निधी आहे. पालकाला सहकर्जदार व्हावे लागते, एवढेच. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष इतक्या अवधीचे व्याज केंद्र सरकार भरते. हे न विचारता घेतलेल्या व्यक्तिगत कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, तेही घरात पगार नसताना.

उलट बाजूचा गैरसमज म्हणजे ‘फी माफ, म्हणजे शिक्षण फुकट’. बाहेरगावाहून आलेल्या मुलाचे पुण्यात खरे कंबरडे मोडते ते खोलीभाड्याने आणि मेसच्या बिलाने. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात. १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती गरजू मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय करते, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहेच. शिकताना अशी मदत घेण्यात किंवा काम करण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुले याच शहरात माधुकरी मागून शिकली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकणे हे साताऱ्यात अख्ख्या संस्थेचे ब्रीद केले. काम करून अभ्यास बुडतो, हे ठरावीक तासांच्या ग्रंथालयातल्या कामाला लागू नाही. रात्रपाळीच्या डिलिव्हरीला लागू आहे. म्हणून मुलाला नोकरीला पाठवण्याआधी महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला भेटावे, आणि उत्पन्नाचा दाखला तर निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा.