टोल्यूइनचा एक रेणू

सकाळी 7.15. प्रयोगशाळेत आल्यावर मी आधी स्क्विडच्या खोलीत जाते. स्क्विड म्हणजे अत्यंत क्षीण चुंबकत्व मोजणारं यंत्र. रात्री लावलेला रन पहाटे संपलेला असतो. द्रव हेलियमची पातळी वहीत टिपायची, उडालेला वायू परत गोळा करणारी लाइन चालू आहे ना ते पाहायचं, आणि मग आलेख उघडायचा.

आलेखात पहिली नजर 300 केल्विनच्या टोकाला. रेणूत डिस्प्रोशियमचा एकच आयन असेल, तर तिथे मोलर ससेप्टिबिलिटी आणि तापमान यांचा गुणाकार 14.17च्या जवळ यायला हवा. हा आकडा त्या आयनाच्या इलेक्ट्रॉन रचनेतून कागदावर काढता येतो. आज तिथे 15.4 आहे.

8.30. पीएचडीची विद्यार्थिनी येते, पडद्याकडे बघते आणि थबकते. “मॅडम, काही नवीन सापडलं का?”

“आधी वजन बघ गं. मग सूत्र.”

सकाळचे दोन तास यातच जातात, आणि मला दिवसातले हेच तास सर्वांत मोलाचे वाटतात. वजनकाट्याची नोंद बरोबर आहे. आमचा पदार्थ मुंबईच्या दमट हवेत मिनिटभरही टिकत नाही, म्हणून तो ग्लोव्ह बॉक्समध्ये आर्गॉनखाली तोलून, क्वार्ट्झच्या बारीक नळीत आयकोसेनच्या मेणात घट्ट बसवून सील केलेला. कण सैल राहिले तर ते क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि मापन फसतं. इथे तसं काही दिसत नाही. मग सूत्र. क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत दर रेणूमागे टोल्यूइनचा एक रेणू स्फटिकात अडकलेला दिसला होता, तो रेणुभारात धरलाय. पण ती रचना 100 केल्विनला, ताज्या स्फटिकावरची. स्क्विडमध्ये गेली ती व्हॅक्यूमखाली वाळवलेली पूड! मागच्या आठवड्यात आलेलं कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनचं विश्लेषण ती शोधून काढते. कार्बनची टक्केवारी टोल्यूइन वगळल्यावरच जुळते. आमचा रेणुभार साधारण 1000, टोल्यूइनचा 92. ते वगळून पुन्हा भागलं की 14.1.

तिचा चेहरा थोडा उतरतो. नवीन काहीच नव्हतं. मला मात्र मनापासून आनंद होतो, कारण या आकड्यावर आता भरवसा ठेवता येईल.

11.00. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म. पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. हा निर्देशांक जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवला: ज्याच्या 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन आहेत, त्याचा एच 20. आकडे भरते. ते निरर्थक नाहीत. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपलं काम वापरल्याची नोंद. पण कशासाठी वापरलं आणि कधी, हे त्या आकड्यात नसतं. गटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 2008 साली आपल्या शेलएक्स या स्फटिकरचनेच्या सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिला. जगभरचे लोक ते सॉफ्टवेअर वापरत आणि संदर्भ म्हणून तो लेख देत. त्या एका लेखामुळे संबंधित नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वर्षभरात 2च्या आसपासवरून जवळजवळ 50वर गेला.

याउलट ताडेउश लिस. पोलंडच्या या स्फटिकशास्त्रज्ञाने 1980 साली 12 मँगनीज अणूंच्या एका रेणूची रचना छापली. त्याच रेणूवर 1993 साली रोबेर्ता सेसोली, दान्ते गात्तेस्की आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की एकटा रेणूही चुंबकासारखा वागू शकतो, 2 केल्विनला त्याचं चुंबकत्व विरायला महिने लागतात. रेणवीय चुंबकत्वाची ही शाखा त्यातून फोफावली. 1981 साली लिस यांनी असा फॉर्म भरला असता, तर त्यात काय दिसलं असतं? त्यांचं काम टिकलं, कारण अणूंच्या जागा अचूक होत्या.

2.00. ग्लोव्ह बॉक्स. नवीन लिगँडची, म्हणजे धातूच्या आयनाला बिलगणाऱ्या रेणूची, पहिली बॅच. डिस्प्रोशियमच्या दोन बाजूंना दोन लिगँड, शक्य तितके सरळ रेषेत. मधला कोन 180 अंशांकडे न्यायचा. याच वाटेने एकट्या रेणूचं चुंबकत्व टिकवण्यात 2017 साली मँचेस्टरच्या गटाने 60 केल्विन गाठलं, 2018 साली रिचर्ड लेफील्ड यांच्या गटाने 80. म्हणजे द्रव नायट्रोजनच्या 77च्या वर. आमचा रेणू त्यांच्या खूप खाली आहे. तरी कोन थोडा वाकला की चुंबकत्व किती लवकर विरतं, हे त्यातून नीट मोजता येईल.

4.30. एका नियतकालिकासाठी परीक्षण. ससेप्टिबिलिटीचे आलेख देखणे आहेत, पण नमुन्याचं वजन कुठेच दिलेलं नाही. ते मागते.

6.15. रात्रीचा रन. आज बदलत्या क्षेत्राखालचं मापन: 1 ते 1000 हर्ट्झ, तापमान 2 केल्विनपासून टप्प्याटप्प्याने वर. विद्यार्थिनी सीक्वेन्स लिहिते, मी ओळी तपासते.

“मॅडम, टोल्यूइनचं पेपरात लिहायचं? आता तर आकडा जुळला.”

“पुरवणीत लिही. नमुन्याचं वजन, आयकोसेनचं वजन, कोणता रेणुभार धरला आणि का. सकाळचा 15.4 सुद्धा.”

ती वहीत तारीख टाकते.