विद्युत दुचाकीचा खरा जमाखर्च

बाजारपेठेतील पेढ्यांसमोर आता पेट्रोलच्या स्कूटरशेजारी एखादी तरी विद्युत दुचाकी उभी दिसते. बँकेत भरणा करणे, वसुलीला जाणे, गिऱ्हाइकाच्या घरी माल पोहोचविणे, मुलांना शाळेत सोडणे ही दिवसाकाठी तीसेक किलोमीटरची धावपळ या वाहनाला चांगली मानवते. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती किंमत, अनुदान आणि एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते यांची. सहाव्या-सातव्या वर्षी तिचे काय होणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक घसारा म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबाला कोणी शिकवावे लागत नाही.

हिशोब मांडूनच पाहावा. रोज तीस किलोमीटर व वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊ हजार किलोमीटर होतात. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जात असेल आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर वर्षाला २०,८०० रुपये लागतात. तीन युनिट वीज साठविणारी बॅटरी प्रत्यक्ष रस्त्यावर ९० किलोमीटर नेते आणि चार्जिंगमधील गळती धरून साडेतीन युनिट खाते असे मानले, तर दहा रुपये युनिट दराने वर्षाचा खर्च ३,५०० रुपये. म्हणजे १७,३०० रुपयांची बचत! येथपर्यंतचा हिशोब विक्रेताही सांगतो. पुढचा तो सांगत नाही. बॅटरी आठ वर्षांनी बदलावी लागली आणि तिला पन्नास हजार रुपये पडले असे समजले, तर दर वर्षाच्या वाट्याला ६,२५० रुपये येतात. बचतीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग मुळात बचत नव्हेच, ते बॅटरीचे देणे आहे. दरमहा सव्वापाचशे रुपये वेगळ्या खात्यात टाकणाऱ्या घराला आठव्या वर्षी धक्का बसणार नाही. जो हे पैसे गल्ल्यातील नफा समजून खर्चून टाकील, त्याला ती गाडी भंगारात काढावीशी वाटेल. आणखी एक बाब अशी की वाहनावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, पण बॅटरी स्वतंत्र विकत घेतली की तो १८ टक्के लागतो.

बॅटरीचे आयुष्य ‘आवर्तनां’त मोजतात. पूर्ण रिकामी होऊन पूर्ण भरली की एक आवर्तन. अर्धी-अर्धी दोनदा भरली तरी एकच. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी साधारणतः आठशे ते हजार आवर्तनांनंतर बरीच उतरते, तर लोह-फॉस्फेट प्रकारची दोन हजारांच्या आसपास टिकू शकते. मात्र तितक्याच विजेला ती वजनाने जड असते. रोज शंभर टक्के भरणे व शून्यावर आणणे पहिल्या प्रकाराला मानवत नाही. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवावे. दुसऱ्या प्रकाराला अधूनमधून पूर्ण भरणे उपकारक असते, कारण त्यामुळे आतील सेल समतोल राहतात. उष्णता हा दोघींचाही शत्रू. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला न लावता तासभर सावलीत निवू द्यावी. कुटुंब महिनाभर बाहेरगावी जाणार असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून जावे. स्वस्त, कमी वेगाच्या गाड्यांतील शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या मात्र दीड-दोन वर्षांतच दम सोडतात. नोंदणी नको, परवाना नको म्हणून दुकानातील मुलांसाठी त्या घेतल्या गेल्या आणि अनेक गोदामांत धूळ खात पडल्या.

काही कंपन्या आता आठ वर्षे किंवा ऐंशी हजार किलोमीटरची हमी देतात. यांतील जे आधी पूर्ण होईल तेथे हमी संपते, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल हेही त्याच कागदावर बारीक अक्षरात असते. पण हमीची किंमत हमीदाराच्या पतीइतकीच! देशी सुट्या भागांची अट न पाळल्यावरून २०२३ मध्ये केंद्र सरकारने काही कंपन्यांना अनुदान परत करण्यास सांगितले, आणि त्यांची विक्री झपाट्याने घसरली. अशा वेळी कंट्रोलर किंवा चार्जर बिघडला तर गल्लीतला मेकॅनिक काही करू शकत नाही. आपल्या गावी अधिकृत दुरुस्ती केंद्र आहे का, तेथे सुटे भाग किती दिवसांत येतात, हे पाच वर्षे गाडी वापरलेल्या गिऱ्हाइकाला विचारावे. ते जाहिरातीत सापडत नाही.

इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, एअर फिल्टर यांचा खर्च सुटतो हे खरे. टायर, ब्रेक, बेअरिंग, पट्टा यांचा सुटत नाही. मोटर मागच्या चाकातच असेल तर साधे पंक्चर काढणेही किचकट होते. पावसाळ्याआधी चार्जिंगच्या खोबणीचे झाकण व रबर तपासून घ्यावे. बॅटरीवरील ‘आयपी ६७’ याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास तग धरते, इतकाच. जोरदार फवाऱ्याने गाडी धुण्याची ती परवानगी नव्हे. सांगली-कोल्हापूरने २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पुरात उभी राहिलेली गाडी तज्ज्ञाने तपासल्याशिवाय कदापि चार्जिंगला लावू नये.

सर्वांत गंभीर बाब आगीची. मार्च २०२२ मध्ये वेल्लूर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या दुचाकीला आग लागून धुराने पिता व कन्या दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरात सिकंदराबादेत खालच्या भागातील विद्युत दुचाकींच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात शिरून आठ जणांचा बळी गेला. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. ‘एआयएस १५६’ मानकाचा सुधारित पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला, दुसरा ३१ मार्च २०२३ ला लागू झाला. एक सेल तापून बिघडल्यास त्याची झळ साऱ्या बॅटरीला लागते का, हेही आता तपासले जाते. जुनी गाडी स्वस्तात घेणाऱ्याने उत्पादनाची तारीख अवश्य पाहावी. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मध्ये एकच लाकडी जिना अशी रचना आपल्या जुन्या पेठांत सर्रास आहे. त्या जिन्याखाली, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी रात्रभर चार्जिंग चालू ठेवणे म्हणजे साऱ्या कुटुंबाचा बाहेर पडण्याचा मार्गच पणाला लावणे होय. चार्जिंग उघड्या जागी, जागेपणी, कंपनीच्याच चार्जरने आणि अर्थिंग असलेल्या सॉकेटवर करावे. फुगलेली, आपटलेली किंवा वास येणारी बॅटरी घरात ठेवूच नये.

बदललेली जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेतानाच जुनीची वजावट किती मिळणार, हे बिलावर लिहून घ्यावे.